सोळा पत्त्यांचं ‘लव्ह लेटर’: डाव कुठे बिघडतो आणि नीट कसा मांडायचा

आमच्या इंदूरच्या घरात जेवणं आटोपली की सतरंजी पडते आणि पत्ते निघतात. मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन हे तर सगळ्यांच्या रक्तातच आहेत. गेल्या काही वर्षांत त्यात ‘लव्ह लेटर’ आलं. पत्ते फक्त १६, एक डाव पाच-सात मिनिटांचा, भिडू दोन ते चार. प्रत्येकाच्या हातात एकच पत्ता; बाकीच्यांना बाद करायचं, नाहीतर शेवटी सगळ्यांत मोठा पत्ता आपल्या हातात ठेवायचा. मी तो बऱ्याच घरांत शिकवला, आणि महिन्याभराने त्याच घरांतून एकच तक्रार ऐकली: “हा काही डोक्याचा खेळ नाही हो, नुसता तुक्का आहे.”

मग मी त्यांच्याकडे जाऊन बसते आणि खेळताना बघते. दर वेळी दिसतं तेच. टाकलेले पत्ते मधोमध एका ढिगात पडलेले, सुरुवातीला बाजूला काढायचा पत्ता कुणी काढलेलाच नाही, आणि दोघं-तिघं वेगवेगळे नियम डोक्यात ठेवून खेळताहेत. असं खेळलं तर तुक्काच उरणार. या खेळात नशीब आहे, धोका आहे, पण तर्कही आहे, आणि तो सगळा उघड्या पत्त्यांवर उभा असतो. ते नीट मांडले नाहीत तर तर्क करायला हातात काही राहत नाही.

म्हणून पायरीपायरीने सांगते. क्रम मोडू नका.

१. आधी सोळा पत्ते निवडा

सेइजी कानाई या जपानी रचनाकाराचा हा खेळ २०१२ साली आला. त्याचा तयार संच मिळतो, पण घरच्या जोडातूनही तो उत्तम खेळता येतो. शिकायला तर मी घरचा जोडच सुचवते, कारण पत्त्यावरचा आकडा हीच त्याची किंमत असते.

जोडातून हे काढा:

- चारही एक्के आणि एक जोकर. हे पाच मिळून १ नंबरचे
- दोन दुर्र्या, दोन तिर्र्या, दोन चव्व्या, दोन पंज्या
- एक छक्की, एक सत्ती, एक अठ्ठी

इस्पिक, बदाम, किलवर, चौकट कोणतंही चालेल, या खेळात रंगाला अर्थ नाही. जोकर हा फक्त पाचवा एक्का आहे. तो हुकूम नाही, “कोणताही पत्ता” म्हणूनही तो चालत नाही. जोडात जोकर नसेल तर एखादा राजा घ्या आणि हा एक्का आहे असं सगळ्यांच्या देखत सांगून टाका.

सावध: मेंढीकोटासारख्या खेळांत एक्का सर्वांत मोठा असतो, इथे तो सर्वांत लहान. मेंढीकोट खेळत मोठी झालेली माणसं पहिल्या तीन डावांत इथेच अडखळतात. शेवटी पत्ते उघडले की एक्केवाला आनंदाने हात उंचावतो, आणि मग वाद. डाव सुरू करायच्या आधी एकदा मोठ्याने सांगा: एक्का सगळ्यांत खाली, अठ्ठी सगळ्यांत वर.

पत्त्यांच्या पाठी नीट बघा. बावन्न पत्त्यांत एखादा दुमडलेला कोपरा खपून जातो, सोळांत खपत नाही. आमच्याकडे एक छक्की होती, तिच्या पाठीवर शेवेचा तेलकट अंगठा उमटला होता. दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांना ती पाठमोरी ओळखू यायला लागली. छक्की एकच असते, त्यामुळे ती जिच्या हातात जाई तिचा डाव संपल्यातच जमा. तेव्हापासून आमच्याकडे शेवेची ताटली डाव संपेपर्यंत स्वयंपाकघरातच राहते.

तपासा: पत्ते मोजा. सोळाच हवेत.

२. कोणता पत्ता काय करतो

हे एका कागदावर लिहा आणि सतरंजीवर सगळ्यांना दिसेल असं ठेवा. पाठ झालं असं वाटलं तरी पहिले आठ-दहा डाव तो कागद उचलू नका. मूळ संचात गार्ड, प्रीस्ट, बॅरन अशी नावं आहेत. आम्ही आमची ठेवली आहेत.

- १, शिपाई (५ पत्ते): एका भिडूचं नाव घ्या आणि एक पत्ता सांगा. तोच त्याच्या हातात असेल तर तो बाद. शिपायाचं स्वतःचं, म्हणजे एक्क्याचं, नाव घेता येत नाही.
- २, भटजी (२): एका भिडूच्या हातातला पत्ता गुपचूप बघा.
- ३, सरदार (२): तुमचा उरलेला पत्ता आणि समोरच्याचा पत्ता दोघांनीच ताडून बघायचा. लहान पत्तेवाला बाद. सारखे निघाले तर काहीच नाही.
- ४, दासी (२): तुमची पुढची पाळी येईपर्यंत तुमच्यावर कुणाचा पत्ता चालत नाही.
- ५, राजपुत्र (२): कुणालाही, अगदी स्वतःलाही, हातातला पत्ता टाकून नवा उचलायला लावा.
- ६, राजा (१): कुणाशीही हातातला पत्ता बदलून घ्या.
- ७, सरदारीण (१): टाकल्यावर काही होत नाही. पण हातात हिच्यासोबत पंजी किंवा छक्की आली तर हीच टाकावी लागते.
- ८, राजकन्या (१): ही तुमच्या हातून टाकली गेली की तुम्ही बाद, मग ती कोणत्याही कारणाने टाकली जावो.

सावध: २०१९ साली आलेल्या नव्या आवृत्तीत २१ पत्ते आहेत आणि सहा जण खेळू शकतात. तिच्यात ० नंबरचा हेर आणि ६ नंबरचा प्रधान असे नवे पत्ते आहेत, शिपाई सहा आहेत, आणि त्यामुळे राजा ७, सरदारीण ८, राजकन्या ९ अशी सरकली आहे. एकाने मोबाइलवर नव्या आवृत्तीचे नियम वाचलेले आणि दुसऱ्याने जुने, अशी बैठक मी तीनदा पाहिली. तिन्ही वेळा अर्धा तास भांडणात गेला. हा लेख जुन्या सोळा पत्त्यांचा आहे. बसण्याआधी सगळे त्यावरच आहेत ना, हे विचारून घ्या.

३. पिसणं, बाजूला काढणं, वाटणं

१. सोळा पत्ते नीट पिसा. गड्डी लहान असल्यामुळे दोन-तीनदा वरखाली करून भागत नाही. मागच्या डावातले एक्के एकमेकांना चिकटून राहतात. मी पत्ते सतरंजीवर पालथे पसरते, दोन्ही हातांनी कालवते आणि मग गोळा करते.

२. कुणाकडून तरी कापून घ्या.

३. सगळ्यांत वरचा एक पत्ता न बघता पालथा बाजूला ठेवा. हा लपलेला पत्ता डाव संपेपर्यंत कुणीही पाहायचा नाही.

४. आता प्रत्येकाला एकच पत्ता वाटा.

५. उरलेली गड्डी मध्ये, पालथी.

तिसरी पायरी लोक सर्रास विसरतात, आणि नुकसान सगळ्यांत जास्त तिनेच होतं. पत्ता बाजूला काढला नाही तर शेवटाला कुणाकडे काय आहे ते नुसती वजाबाकी करून खात्रीने कळतं. बाजूला एक पत्ता असला की “अठ्ठी तिच्या हातात आहे की त्या लपलेल्या पत्त्यात?” हा प्रश्न शेवटपर्यंत जिवंत राहतो. धोका पत्करायचा तो इथेच.

दोघंच खेळत असाल तर लपलेल्या पत्त्याशिवाय आणखी तीन पत्ते काढा आणि ते उघडे मांडा. ते या डावात येणार नाहीत, पण दोघांनाही दिसत राहतील.

तपासा: वाटल्यावर मधली गड्डी मोजा. चौघांत ११ पत्ते, तिघांत १२, दोघांत १०. आकडा जुळला नाही तर पुन्हा पिसा. “चालतंय, खेळूया” म्हणू नका.

४. पाळी: आधी उचला, मग टाका

घड्याळाच्या दिशेने खेळायचं. पहिल्या डावाला सगळ्यांत लहान भिडू सुरुवात करतो, ही आमच्या घरची पद्धत. पुढे जो डाव जिंकेल तो.

पाळी आली की गड्डीतून एक पत्ता उचला. आता हातात दोन झाले. त्यातला एक उघडा टाका आणि त्याचं काम लगेच करा. हातात एकच राहिला की पाळी पुढे.

क्रम उलटा करू नका. आधी टाकून मग उचलणारे पुष्कळ आहेत. इथे निवड दोन पत्त्यांतूनच करायची असते. आधीच टाकलात तर निवडच केली नाहीत.

पाळी सोडता येत नाही. दोन्ही पत्ते नकोसे असले तरी एक टाकावाच लागतो, आणि काम करायला समोर कुणी मोकळं असेल तर ते करावंच लागतं.

५. टाकलेले पत्ते: लेखातली मुख्य गोष्ट

प्रत्येकाने टाकलेले पत्ते त्याच्याच पुढ्यात, उघडे, टाकल्याच्या क्रमाने, एकावर एक अर्धे सरकवून ठेवायचे. आकडा दिसला पाहिजे. मधोमध ढीग नाही, एकाखाली एक झाकणं नाही, “हे झाले ना” म्हणून उचलून बाजूला ठेवणं नाही.

यातून तीन गोष्टी वाचता येतात.

पहिली, कोणते पत्ते संपले. दोन्ही चव्व्या समोर दिसत असतील तर कुणाला “चव्वी” म्हणून शिपाई वाया घालवू नका. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण ढीग करून खेळणाऱ्या घरांत मी हे दर संध्याकाळी ऐकते.

दुसरी, कोणी काय ठेवलं. भटजीने तुम्ही कुणाच्या हातात छक्की पाहिलीत. त्याच्या पुढच्या पाळीला त्याने दुसराच कोणता पत्ता टाकला तर छक्की अजून त्याच्याकडेच आहे, शंभर टक्के. छक्कीच टाकली तर तुमची माहिती संपली. मध्ये राजपुत्रामुळे ती टाकावी लागली तर तेवढं वेगळं. पण यासाठी त्याने शेवटचा कोणता पत्ता टाकला ते तुम्हाला दिसायला हवं.

तिसरी, बरोबरी झाली तर निकाल याच पत्त्यांवर लागतो. ते आठव्या पायरीत.

बाद झालेल्या भिडूचा हातातला पत्ताही त्याच्याच पुढ्यात उघडा पडतो. त्याचं काम होत नाही, तो फक्त दिसतो. तो गड्डीत परत घालू नका. पालथा ठेवूनही देऊ नका, कारण उरलेल्यांसाठी ती मोठी बातमी असते.

इंदूर–पुणे गाडीच्या बर्थवर खेळताना जागा नसते, हे मान्य. तिथे आम्ही प्रत्येकाचे पत्ते मांडीपुढे उभ्या ओळीत लावतो. आकडा वरच्या कोपऱ्यात असतो, तेवढा कोपरा दिसला तरी पुरतं.

६. एकेका पत्त्यावर कुठे चुकतं

शिपाई. आधी भिडूचं नाव, मग पत्त्याचं. “अठ्ठी कुणाकडे आहे?” असं चौघांकडे बघून विचारायचं नाही. ज्याला विचारलं त्याने खरंच बोलायचं. आपल्याकडे ब्लफ खेळायची सवय असल्यामुळे मुलं इथेही सरळ खोटं बोलतात, आणि मग डावालाच अर्थ राहत नाही. नसेल तर नुसतं “नाही” म्हणा, पत्ता दाखवू नका.

पहिल्या पाळीला नवे लोक हमखास अठ्ठी म्हणतात, कारण ती मोठी. हिशोब करून बघा. तुमच्या हातात एक्का आणि चव्वी आहे. न दिसलेले पत्ते १४. त्यात अठ्ठी एकच, म्हणजे चौदात एक. दुर्री, तिर्री किंवा पंजी म्हटलंत तर चौदात दोन. आणि चव्वी म्हणू नका, एक तुमच्याच हातात आहे.

भटजी. बघून झाल्यावर तोंड बंद. पाहिलेलं सांगितलंत तर तुमचा फायदा सगळ्यांना वाटून टाकलात. चेहऱ्यावरही काही दाखवू नका. आमच्या आत्याबाई अठ्ठी दिसली की चष्मा वर सरकवतात, हे आता तिसऱ्या घरालाही ठाऊक आहे.

सरदार. दोघांनीच ताडायचं. तळहाताच्या आडोशाने पत्ते एकमेकांकडे सरकवा, बघा, परत घ्या. हरलेल्याचा पत्ता उघडा पडतो, जिंकलेल्याचा नाही. पण जिंकलेली व्यक्ती आता धोक्यात असते, हे विसरू नका: हरलेला पत्ता चव्वी असेल तर जिंकणाऱ्याकडे त्याहून मोठा आहे हे सगळ्यांना कळलं. सरदार टाकताना हातात सत्ती किंवा अठ्ठी असेल तर बहुधा जिंकाल, पण पुढच्या फेरीत शिपाई तुमच्याचकडे येतील.

बरोबरी झाली तरी माहिती मिळते. दोघांकडे सारखा पत्ता म्हणजे १, २, ४ किंवा ५. तिर्री नाही, कारण एक तर आत्ताच टेबलावर आली. ६, ७, ८ एकेकच असतात.

दासी. चव्वी टाकली की पुढ्यात काहीतरी खूण ठेवा, आम्ही बाटलीचं बूच ठेवतो. आपली पाळी आली की पत्ता उचलण्याआधी बूच काढायचं, कारण पाळी सुरू होताच पहारा संपला. खूण नसेल तर “माझी अजून दासी आहे” हा वाद ठरलेला.

बाकी सगळेच दासीआड असतील तर? शिपाई, भटजी, सरदार किंवा राजा नुसता टाकायचा, काम होत नाही. राजपुत्र मात्र स्वतःवरच चालवावा लागतो. म्हणजे हातात पंजी आणि अठ्ठी आहे, बाकीचे सगळे दासीआड आहेत, तर तुम्ही कसंही खेळलात तरी बाद. इतरांनी चव्व्या टाकलेल्या दिसल्या की पंजी फार काळ जवळ ठेवू नका, ते यासाठी.

राजपुत्र. ज्याच्यावर चालवला त्याचा पत्ता टाकला जातो, पण त्या पत्त्याचं काम होत नाही. तिर्री पडली म्हणून तो कुणाशी ताडून बघणार नाही. अपवाद फक्त अठ्ठीचा, ती पडली की भिडू बाद. नवा पत्ता गड्डीतून उचलायचा. गड्डी संपली असेल तर सुरुवातीला बाजूला काढलेला तो लपलेला पत्ता उचलायचा. त्या पत्त्याचा उपयोग होतो तो फक्त या एका प्रसंगी.

राजा. बदलाबदल झाली की तुम्हाला समोरच्याचा पत्ता कळतो, आणि समोरच्याला तुमचा! हे दुसरं लोक विसरतात. तुमच्यानंतर पाळी त्याचीच असेल आणि त्याच्याकडे एक्का आला तर तुम्ही जवळपास नक्की बाद. एक्का तुमच्या हातात असताना राजा टाकलात तर तो एक्काही त्याच्याकडे गेला, म्हणजे तुम्हीच त्याला हत्यार दिलंत. अठ्ठी आणि छक्की एकत्र आली तर मात्र राजाच टाकावा लागेल, कारण अठ्ठी टाकणं म्हणजे बाद होणं. राजकन्या समोरच्याकडे जाईल, जाऊ द्या. ती कुठे आहे हे आता नेमकं तुम्हालाच माहीत आहे. पुढच्या पाळीला एक्का आला तर त्याला बाद करता येईल.

सरदारीण. सत्तीसोबत पंजी किंवा छक्की आली की सत्ती टाकायचीच, आणि निमूटपणे टाकायची. “अरे, टाकावीच लागतेय” असं म्हटलंत की हातात ५ किंवा ६ आहे हे सांगून टाकलंत. ऐकणाऱ्याने पंजी म्हणावं, कारण पंज्या दोन आणि छक्की एक. उलट सक्ती नसतानाही सत्ती टाकता येते, आणि हातात अठ्ठी असताना टाकलेली सत्ती सगळ्यांना पंजीच्या मागे धाडते. हे सक्तीचं टाकणं कुणी तपासू शकत नाही, ते भिडूच्या इमानावर आहे. लहान मुलांसोबत पहिल्या काही डावांत सत्ती वगळून बघू नका, त्यांना हा नियम आधीच समजू द्या. पोरं तो आपल्यापेक्षा लवकर पाळायला लागतात.

७. एक डाव जवळून

वर सांगितलेलं कसं जुळतं ते एका चौघांच्या डावात दाखवते. क्रम असा: मावशी, मी, भाचा, वहिनी.

मावशीने चव्वी टाकली, बूच ठेवलं. माझ्या हातात दुर्री होती, उचलला एक्का. दुर्री टाकून भाच्याचा पत्ता पाहिला: छक्की. भाच्याने पत्ता उचलला, एक्का टाकला, वहिनीला “दुर्री” म्हणाला, चुकला. वहिनीने चव्वी टाकली.

इथे थांबून भाच्याच्या पुढ्यात बघा. त्याने टाकला एक्का, म्हणजे छक्की अजून त्याच्याकडे.

मावशीची पाळी. बूच काढलं, एक्का टाकला, मला म्हणाल्या “अठ्ठी”. माझ्याकडे नव्हती. त्यांच्या हातात तेव्हा एक्क्यासोबत पंजी होती. टेबलावर एक दुर्री, एक एक्का आणि दोन चव्व्या उघड्या होत्या. त्यांना न दिसलेले पत्ते १०, त्यात अठ्ठी एक आणि तिर्र्या दोन. “तिर्री” म्हटलं असतं तर बरोबर येण्याची शक्यता दुप्पट होती.

मी पंजी उचलली, एक्का टाकला, भाच्याला “छक्की” म्हटलं. तो बाद, छक्की उघडी पडली.

वहिनीने पत्ता उचलून तिर्री टाकली आणि माझ्याशी ताडून बघितलं. माझी पंजी हरली. मी बाद, पंजी उघडी. वहिनीच्या हातात काय होतं ते मला दिसलं, पण बाद झालेल्यानेही गप्प बसायचं असतं.

आता मावशी. त्यांनी एक्का उचलला. माझी पंजी हरली म्हणजे वहिनीकडे पाचाहून मोठा पत्ता. छक्की तर भाच्यापुढे उघडी पडलेली. राहिली सत्ती नाहीतर अठ्ठी. मावशींनी हे बोटाने मोजलं, प्रत्येकाच्या पुढ्यातले पत्ते एकदा डावीकडून उजवीकडे वाचले, आणि म्हणाल्या, “सत्ती.” वहिनीने हातातला पत्ता खाली ठेवला. सत्तीच होती.

सत्ती की अठ्ठी, हा शेवटचा धागा नशिबाचा. पण चौदात एकपासून दोनात एकपर्यंत मावशी आल्या त्या केवळ समोर नीट मांडलेल्या पत्त्यांमुळे. त्या रात्री पत्ते ढिगात असते तर छक्की कुठे गेली हे कुणाला आठवलं असतं का?

८. डाव कधी संपतो

दोन तऱ्हा. एक भिडू सोडून बाकी सगळे बाद झाले की तो जिंकला. किंवा गड्डीतला शेवटचा पत्ता उचलला गेला आणि ती पाळी पूर्ण झाली, की उरलेल्यांनी हातातला पत्ता उघडायचा. ज्याचा मोठा तो जिंकला.

लपलेला पत्ता शेवटी उचलून आणखी एक पाळी खेळणारे लोक असतात. तसं नाही. गड्डी संपली, पाळी संपली, उघडा.

सारखे पत्ते निघाले तर पुढ्यात टाकलेल्या पत्त्यांची बेरीज करा. जास्त बेरीजवाला जिंकतो.

गड्डीत तीन-चार पत्ते राहिले की शेवटचा पत्ता कुणाला मिळणार ते मोजा. चौघांत ११ पत्ते असतात, कुणी बाद झालं नाही आणि राजपुत्राने मध्ये जास्तीचा पत्ता उचलायला लावला नाही, तर शेवटचा पत्ता तिसऱ्या भिडूकडे जातो. त्याला सगळ्यांत शेवटी दोनांतून मोठा ठेवता येतो, हा मोठा फायदा. कुणी बाद झालं की पुन्हा मोजा. पंजी एखाद्यावर चालवून ही मोजणी एकाने हलवता येते, आणि शेवटाकडे पंजीचा खरा उपयोग हाच असतो.

तपासा: उघडण्याआधी सगळ्यांच्या हातात एकेकच पत्ता आहे ना? कुणाकडे दोन निघाले तर त्याने पाळी अर्धवट सोडली आहे.

९. गुण आणि आवराआवर

एका डावाला एक गुण. दोघांत ७ गुण आधी करणारा जिंकला, तिघांत ५, चौघांत ४. मोजायला आमच्याकडे चिंचोके असतात, कवड्याही चालतील. पैसे लावू नका: हा खेळ जलद आहे, तासाभरात दहा-बारा डाव होतात, आणि एका चुकीच्या “अठ्ठी”साठी मुलं रडताना मला बघवत नाहीत.

पहिल्याच पाळीला बाद झालेल्या भिडूला वाईट वाटतं, विशेषतः लहानग्याला. त्याला चिंचोके सांभाळायला द्या, किंवा बुचाचा कारभार द्या. डाव पाच मिनिटांत संपतोच.

शेवटी पत्ते गोळा करताना पुन्हा सोळा मोजा. मोजून जोडापासून वेगळे, रबर लावून ठेवा, नाहीतर उद्या कुणीतरी बदाम सात मांडेल आणि सत्ती सापडणार नाही. पंधराच भरले तर सतरंजी झटकण्याआधी तिच्या घड्या बघा. आमचा जोकर दोनदा तिथेच सापडला आहे.